डिस्क व्हीलचं मी बघतो

सोमवार, ९ मार्च. संध्याकाळ.
रविवारी लेकीची सायकल शर्यत. कोचबाईंनी तिला मागचं चाक खास वापरायला दिलंय. डिस्क व्हील. तारा नाहीत, थाळीसारखं बंद. वारा कापतं म्हणे. आज सरावात तेच पंक्चर झालं. कोचबाई म्हणाल्या, मेकॅनिक करेल. मी म्हटलं, घरात माणूस असताना मेकॅनिक कशाला? चाक काखेत मारून आणलं. लेक काहीतरी बोलणार होती, पण आदरापोटी गप्प राहिली.
बायकोने विचारलं, तुम्हाला येतं का? ऑफिसचा वॉटर कूलर कोणी चालू केला, असं मी उलट विचारलं. ती म्हणाली, प्लग निघाला होता. मुद्दा तो नाही.
संकल्प: उद्या काम फत्ते.

मंगळवार, १० मार्च.
डिझाइनमध्येच गडबड. हवा भरायचा व्हॉल्व्ह चाकाच्या पोटात, छोट्याशा खिडकीत दडवलाय. पंपाचं तोंड आत जात नाही. बोट जातं. निघत नाही. साबण लावावा लागला.
लेक म्हणाली, बाबा, त्याला वाकडं नोझल मिळतं. मी म्हटलं, माहीत आहे, आधी बाकीचे पर्याय तपासत होतो.

बुधवार, ११ मार्च. सकाळ.
नोझल आणलं. दुकानदार टायर काढायला प्लास्टिकचे लिव्हरही देत होता. गिऱ्हाईक बघून माल खपवतात. घरात चमचे आहेत.

तोच दिवस. संध्याकाळ.
टायर निघाला! नवी ट्यूब घातली. टायरचा शेवटचा वीतभर भाग आत जाईना. चमच्याने रेटला. गेला. हवा भरली. सुस्स. चमचा ट्यूबला चावला. हल्ली ट्यूबमध्ये दमच नसतो.
जेवताना बायकोने वाकडा चमचा नेमका माझ्याच ताटात ठेवला. बोलली काही नाही. कौतुक असावं.

गुरुवार, १२ मार्च.
घरी एकाग्रता होत नाही. चाक ऑफिसात नेलं. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग रूमच्या टेबलावर आडवं घातलं. दुसरी ट्यूब, या वेळी नुसत्या हातांनी. तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आले. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, टीम बिल्डिंग. त्यांनी टीम कुठे आहे, असं विचारलं. पाहुणे टेबलावरचे काळे डाग बघत राहिले.
पण टायर दगडासारखा टणक! फॅमिली ग्रुपवर टाकलं: मिशन सक्सेसफुल. साडूने अंगठा पाठवला. त्यात खोच आहे.

शुक्रवार, १३ मार्च.
चाक मऊ.
लेकीने टायर काढून आतून हळूच बोट फिरवलं आणि काचेचा तुकडा उपसला. बाबा, आधी हा काढायचा असतो, म्हणाली. तुझी परीक्षा घ्यायला मुद्दाम ठेवला होता, असं सांगितलं. ती हसली नाही.

शनिवार, १४ मार्च.
तिसरी ट्यूब. सकाळपासून टणक. दर थोड्या वेळाने अंगठ्याने दाबून बघतोय. अंगठा सुजला, टायर जैसे थे. विजय.
संध्याकाळी लेक म्हणाली, कोचबाईंनी मंगळवारीच साधं चाक दिलंय, तेच उद्या राहू दे. मला लागलं. आठवडाभर मी राबतोय आणि हिला साधं चाक? बापावर विश्वास नाही का, विचारलं. तिचे डोळे भरले. बरं बाबा, तुमचंच लावते, म्हणाली. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.
नंतर बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, वर्षभर पायडल तिने मारलंय. भर रस्त्यात ते चाक बसलं तर काय तोंड दाखवाल तिला? बायकोला शर्यतीचं टेन्शन आलंय.
झोपण्यापूर्वी पुन्हा दाबून बघितलं. टणकच.

रविवार, १५ मार्च. दुपार.
मैदानावर चाक मीच नेलं. लेक हेल्मेट घालून उभी. ओठ पांढरे. चाकाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. देण्यापूर्वी एकदा दाबलं. जरा दबल्यासारखं वाटलं. की अंगठाच बधिर? पुन्हा दाबलं. कळेना.
मग मीच म्हटलं, साधंच लाव. आज आडवा वारा फार आहे, बंद चाकाला बाजूला ढकलेल.
झाडाचं पान हलत नव्हतं. लेकीने वर बघितलं. हो बाबा, वारा आहेच, म्हणाली, आणि घट्ट मिठी मारली. तिचं हेल्मेट माझ्या नाकावर बसलं.
दुसरी आली! गळ्यात मेडल घालून पळत आईकडे गेली. माझा हवामानाचा अंदाज अचूक ठरला.
मग कोचबाईंनी डिस्क व्हील मागून घेतलं. खिडकीत एक बोट घालून व्हॉल्व्ह दाबला. ठेवताना हवा काढूनच ठेवतो, म्हणाल्या.
सुस्स. बराच वेळ सुस्स. म्हणजे भरपूर भरलेली होती. बायकोला दोनदा हाक मारली, हा आवाज ऐक म्हणून. पण ती लेकीचे फोटो काढत होती.