चौथ्या पायरीवरचं पाणी

बाबा, आज सकाळी मी भर बागेत एका परक्या माणसावर ओरडले. आमच्या इथल्या बागेत हल्ली दर रविवारी दोन चित्रकार येतात आणि मुलांना फुकट शिकवतात. चालून दमले की मी तिथल्या बाकावर टेकते. आज एका मुलीने तिरपं घर काढलं होतं, आणि तिचा बाप मागून वाकून, तिच्या मुठीसकट खडू धरून, त्या घराच्या भिंती सरळ करत होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, हात काढा आधी! तिचं घर आहे ते!" तो बिचारा दचकला. म्हणाला, "आजी, मदत करतोय फक्त." मदत! तुम्हीही हाच शब्द वापरला होतात. घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. चहा केला, तो निवला, तरी माझं मन निवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि अजून भांडायला मला तुम्हीच लागता, याचाही मला राग येतो.

बागबाजारची ती नदीकाठची बाग तुम्हाला आठवतच असेल. तुमच्या बदलीने आपण कलकत्त्याला गेलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. शाळेत बंगालीत गप्प, गल्लीत हिंदीत गप्प, आणि घरी तुम्ही बोलू द्याल तेवढंच मराठी. त्या काळात शहरभर भिंतींवर घोषणा रंगवलेल्या असायच्या, आज बंद, उद्या मोर्चा. आई मला फाटकाबाहेर सोडायला तयार नसायची. तिने सोडलं ते फक्त त्या रविवारच्या वर्गाला, कारण बाग आपल्या खिडकीतून दिसायची. जवळपास राहणारे तीन-चार चित्रकार तो वर्ग चालवायचे. त्यांतल्या थोरल्यांना सगळे मास्टरमोशाय, म्हणजे आपले मास्तर, म्हणत. एरवी ते दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचे. वर्गाला फी नाही, हजेरी नाही. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांची पाठ, आणि रंग कालवलेले असायचे ते चहावाल्याकडच्या मातीच्या कुल्हडांत. पट्टी आणि खोडरबर आणायचं नाही, एवढी एकच बंदी. आणि एक रीत होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन झाडांमध्ये काथ्याची दोरी बांधायची, सगळ्यांनी आपापलं चित्र चिमट्याने तिला लावायचं, नाव घालायचं नाही, आणि बाराच्या ठोक्याला प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचं तरी एक चित्र घरी न्यायचं. स्वतःचं न्यायचं नाही. आई वैतागायची, "आपल्या पोरीचं एक चित्र घरात नाही, आणि भिंतीवर परक्यांच्या निळ्या गाई!"

त्या हिवाळ्यात मी समोरचा घाट काढत होते. तीन रविवार काढत होते. त्या घाटाची चौथी पायरी एका बाजूने खचलेली होती, तिच्यात पाणी साचायचं आणि कावळे येऊन त्यात चोच बुडवायचे. मला अख्ख्या घाटात तेवढंच आवडायचं. मास्टरमोशायही त्या पाण्यावर बोट ठेवून "बा!" म्हणाले होते. त्यांचं "बा" म्हणजे आपलं "वा", आणि ते सहा महिन्यांत दोनदा म्हणायचे. कावळा तेवढा राहिला होता, म्हणून तिसऱ्या रविवारी मी चित्र घरी आणलं होतं; शनिवारी सकाळी पाण्यावर रंगाचा शेवटचा हात दिला, ते जेवणाच्या टेबलावर वाळत ठेवलं आणि शाळेत गेले. तुम्ही त्या दिवशी सर्दीने रजेवर होतात. एरवी हावड्याच्या ऑफिसात पुलांचे नकाशे तपासणारा माणूस घरी रिकामा बसला की काय करतो, हे मला तेव्हा कळलं. मी परत आले तर पायऱ्या सरळ झालेल्या. बारीक काळ्या शाईत, पट्टीने आखलेल्या, एकीला एक समांतर. आणि पाणी गेलेलं. जाणारच. सपाट पायरीवर पाणी साचेल कसं?

"बाळ, थोडी मदत केली," तुम्ही नाक पुसत म्हणालात. "तुझ्या पायऱ्यांवरून माणूस पडला असता गं." आणि आई स्वयंपाकघरातून, "बघ किती छान केलंय बाबांनी, आता कुठे घाट वाटतोय." तुम्ही दोन तास त्यावर घालवले होते, सर्दीत, डोळ्यांतून पाणी येत असताना. हे मला आईने नंतर पन्नास वेळा ऐकवलं. म्हणजे रागवायचीही सोय नाही. मारलं असतंत तर रडता तरी आलं असतं. मी "छान आहे" म्हणाले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तो कावळा मी काढलाच नाही. कोरड्या घाटावर कावळा येऊन करणार काय?

दुसऱ्या दिवशी नेमका शेवटचा रविवार. चित्र दोरीला लावलं. मास्टरमोशाय हात मागे बांधून फिरत फिरत माझ्या चित्रापाशी थांबले. "एटा के एँकेछे?" हे कुणी काढलं? मी म्हणाले, मी. त्यांनी चष्मा वर केला. "मग तुझं पाणी कुठं गेलं?" मी बागेच्या फाटकाकडे पाहिलं, कारण तिथून तुम्ही येत होतात. इस्त्रीचा शर्ट, मफलर, खिशात ती सहा इंची स्टीलची पट्टी, मागे आई उपम्याचा डबा घेऊन. मास्टरमोशायांना सगळं समजलं असणार. त्यांनी तुम्हाला नमस्कार केला, हातात एक कॅलेंडरची पाठ दिली आणि म्हणाले, "बैठिए." तुम्ही हसून खिशातली पट्टी काढलीत. त्यांनी ती अलगद काढून घेतली आणि चिमटा लावून दोरीवर टांगली, चित्रांच्या रांगेत. "दादा, आप सीढ़ी पैर से उतरता है, कि स्केल से?" सगळी मुलं फिदीफिदी हसली. आई कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, माझं बखोट धराल आणि हा वर्ग संपला.

पण तुम्ही बसलात. इस्त्रीच्या पँटने ओल्या गवतावर बसलात आणि तास-दीड तास मान वर केली नाहीत. उपमा गार झाला. मी मुद्दाम लांब जाऊन बसले, तुमच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून. साडेअकराला तुम्ही तुमचं चित्र स्वतः दोरीला लावलंत आणि कोळशाने माखलेले हात घेऊन नळावर गेलात. बारा वाजले. माझा घाट चहावाल्याने पळवला. त्याला तो फारच आवडला. छापल्यासारखा दिसतो म्हणाला. पुढची दोन वर्षं शाळेत जाताना त्याच्या टपरीवर तुमच्या त्या समांतर पायऱ्या रोज माझ्या डोळ्यांत खुपायच्या. आणि तुम्ही पट्टी परत घ्यायला मास्टरमोशायांपाशी थांबलेले असताना मी तुमचं चित्र दोरीवरून काढलं, गुंडाळलं आणि स्वेटरच्या आत घातलं. फाडायचं म्हणून. तुम्ही माझ्या चित्राचं जे केलंत तेच तुमच्या चित्राचं करायचं म्हणून. तू काय आणलंस, असं आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, काही उरलंच नव्हतं.

घरी येऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ते उघडलं. बाबा, तुम्ही तोच घाट काढला होतात. रेघा थरथरलेल्या, होडी तर पाट उलटा ठेवल्यासारखी. आणि चौथी पायरी खचलेली. तिच्यात पाणी. पाण्याशी कावळा, त्याला पाय मात्र तीन. आणि पायरीवर दोन वेण्या घातलेली एक मुलगी, मीच, एक डोळा वर, एक डोळा खाली, गालावर ढळलेला. मला तेव्हाच कळलं की तुम्हाला चूक कळली आहे. मग तोंडाने का नाही म्हणालात? एकदा, जेवताना, वरण वाढून घेता घेता, "पायरी खचलेलीच होती गं" एवढंच! मोठी माणसं पोरांना दहादा सॉरी म्हणायला लावतात आणि स्वतःची पाळी आली की चित्र काढतात. तुम्ही पूल तपासायचात ना? मग दोन माणसांमधला हा एवढासा पूल तुम्हाला बांधता आला नाही, याचा मला अजून संताप येतो.

त्याऐवजी तुम्ही विचारत राहिलात. नागपूरला बदली झाली तेव्हा खोक्यांवर आकडे टाकताना, "ते माझं चित्र कोणी नेलं असेल गं?" माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हार मोजताना. निवृत्त होऊन पुण्याला आल्यावर तर जो येईल त्याला, "मी आयुष्यात एकच चित्र काढलं, तेही कुणी बंगाली घेऊन गेला." आणि मग माझ्याकडे बघायचात. दरवेळी बघायचात. मी दरवेळी म्हणायचे, "कोण जाणे." तुम्हाला संशय होता का? की मीच घेतलं असावं अशी तुमची आशा होती? शेवटी दवाखान्यात, नाकात नळी असताना, तुम्ही पुन्हा "ते चित्र" म्हणालात आणि मी म्हणाले, "बाबा, बोलू नका, दम लागेल." चित्र तेव्हा माझ्या कपाटात होतं, रिक्षाने वीस मिनिटांवर.

लोकांना वाटेल, मी सूड उगवला. इतकी वर्षं मलाही तसंच म्हणायला बरं वाटायचं. सुडात निदान काही ऐट असते. पण आज त्या बापावर ओरडून घरी आले, कपाटातून चित्र काढलं आणि ते समोर ठेवूनच हे लिहायला बसले आहे, तर खरं ते लिहायलाच हवं. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? लिहून झालं की चित्राबरोबर घडी करून परत त्याच जागी ठेवीन. बाबा, मी ते तुम्हाला दाखवलं नाही, कारण दाखवता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. त्या दुपारी टाकीमागे मला ती मुलगी फार कुरूप वाटली. मी खाली आले, तुमच्या टेबलावरची तुमची टोकदार पेन्सिल आणि तुमचं खोडरबर घेतलं, आणि तो खाली गेलेला डोळा पुसून, नीट मापाने, दुसऱ्या डोळ्याच्या रेषेत आणून बसवला.