मांडीवरची बाईसाहेब

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! भावाच्या घरी वहिनी, पोरं आणि टीव्ही यांच्या कलकलाटात एक पान सलग वाचणं मुश्किल होतं. इथे अख्खं घर माझं. डॉक्टरीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. तोवर मी घर राखायचं आणि त्यांच्या मांजरीला सोबत करायची. करडी, गुबगुबीत, चालण्यात नुसता तोरा. मी तिला बाईसाहेब म्हणते. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ती मांडीवर बसली की उठू नका, तिला खपत नाही. मी हसले. उठायचंय कोणाला? कपाट रहस्यकथांनी गच्च भरलंय!

४ ऑक्टोबर
खिडकीशी आरामखुर्ची, मांडीवर ऊबदार बाईसाहेब, हातात कादंबरी. आतून कडी लावलेल्या खोलीत न्यायाधीश मरून पडलाय. माझा संशय त्याच्या धाकट्या भावावर. साळसूदपणे सगळ्यांना पाणी देत फिरतोय मेला. तसं मोठ्याने म्हटलं, तर बाईसाहेबांनी शेपटी आपटली. म्हणजे तो नसावा! पोट धरधरून हसले. कित्येक वर्षांत अशी दुपार मिळाली नव्हती.

६ ऑक्टोबर
दूध उतू जाऊन गॅस विझला. वास नाकात शिरला तशी मी बाईसाहेबांना मांडीवरून उचलायला गेले, तर हलेचनात. भिजलेली गादी उचलावी तसं. मी ओरडले, ढकललं. त्या डोळे मिटून घुरघुरत राहिल्या. डोकं गरगरायला लागलं तेव्हा कुठे आळस देत उतरल्या. धडपडत जाऊन बटण बंद केलं.
डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, उठला नाहीत ना? मी म्हटलं, उद्या निघतेय मी.  त्या म्हणाल्या, बघा, जमलं तर.

७ ऑक्टोबर
बॅग भरली. बूट घालायला म्हणून खुर्चीत टेकले. तेवढंच चुकलं. ती आली.

८ ऑक्टोबर
अजून बसलीय. फोन स्वयंपाकघरात, हाताशी फक्त ही वही आणि कादंबरी. वर राहणारे घड्याळवाले खिडकीखालून जाताना दिसले, त्यांना हाक मारली. दार आतून बंद आहे, कुलूपवाल्याला आणा, म्हटलं. ते म्हणाले, आधीच्या बाईही अशाच खिडकीत वाचत बसायच्या. कुठे गेल्या, विचारलं. डोकं खाजवत म्हणाले, गेल्या असतील, परत दिसल्या नाहीत.
कादंबरीतला खुनी न्यायाधीशाचा सेक्रेटरी निघाला. मला काहीच वाटलं नाही.

९ ऑक्टोबर
पाय जाणवत नाहीत. तहान लागत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.
गुडघे बघावेत म्हणून तिचे केस बाजूला सारले. खाली केस. त्याखाली आणखी केस. गुडघे—

१० ऑक्टोबर
डावा हात तिच्या पोटाखाली होता. आता निघत नाही. कुठे संपतो तेच—
दाराशी आवाज. कुलूपवाला! आले, बाई, आले—
उघडलं. घड्याळवाले समोर उभे आहेत. मी ओरडतेय. ते मागे वळून कुलूपवाल्याला सांगतायत, घरात कोणी नाही, मांजरच आहे तेवढी.
मी आहे— इथे— खुर्चीत—
वाकले. हात फिरवतायत. माझ्या पाठीव