राणी गाडीत चढेना, मग उतरेना

शनि., ७ फेब्रु.
नोएडाला कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये गेलो. नुसतं बघायला, असं सुजाताला आणि मैत्रीला बजावून. पिल्लं सात, एकापेक्षा एक गोड. महिनाभर 'पिल्लू, पिल्लू' करणारी आमची बारा वर्षांची लेक थेट कोपऱ्यातल्या तपकिरी कुत्रीपुढे जाऊन बसली. वय पाचेक. एक कान अर्धा. नाव रानी, म्हणजे आपली राणी.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, कोणीतरी गाडीतून आणून सर्व्हिस रोडवर सोडून गेलं. बरंच लांब धावली म्हणे गाडीमागे. तेव्हापासून गाडीत चढत नाही. दोन घरांनी पसंत केली होती, पण नेणार कशी? राहिली.

मैत्री म्हणाली, "पप्पा, हीच."

मी 'विचार करू' म्हणालो आणि फॉर्मवर सही केली.

रवि., ८
आईला सांगितलं. आपल्या वर्ध्याकडे कुत्रं अंगणात असतं, एवढंच बोलून मेथी निवडत राहिली. म्हणजे नाराज. संध्याकाळी जुनी सतरंजी बाहेर काढलेली दिसली. विचारलं तर म्हणे, धुवायची आहे.

शनि., १४
आणली!

चढवण्यातच दोन तास. उकडलेलं अंडं, चिकन, मैत्रीच्या विनवण्या, कशाचा उपयोग नाही. गाडीचं दार दिसलं की चारही पाय रोवायची. उचलायला वाकलो तर थरथरायला लागली, सोडून दिलं. शेवटी भूक लागली म्हणून आम्हीच गाडीत बसून डबा उघडला. दारं सताड उघडी, तिच्याकडे कोणाचं लक्षही नाही. जरा वेळाने पायाला काहीतरी गरम लागलं. बघतो तर राणीबाई.

सुजाताने गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागून कॅबवाल्यांचे हॉर्न. डीएनडीच्या यमुना पुलावर बाईंनी माझ्या पँटवर ओकारी काढली. मैत्री हसून हसून रडायच्या बेतात. मी हललोसुद्धा नाही, कारण तोंड माझ्याच गुडघ्याला पुसून तिने डोकं तिथेच ठेवलं होतं.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला घरी पोचलो, दार उघडलं, तर आता उतरेना. दीड ते साडेचार! मैत्रीचं म्हणणं, उतरलं की आपण निघून जाऊ असं तिला वाटतंय. आम्ही दोघं नवरा-बायको आळीपाळीने दाराशी बसलो.

मग आई. गुडघ्यांमुळे पंधरा दिवस जिना न उतरलेली, काठी टेकत खाली आली. मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसली, जरा अंतर ठेवून. मग तिला म्हणाली, "मले बी असंच गाडीत घालून आणलं होतं वं इथं. होते सवय. चाल."

आणि उतरून चालायला लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

राणी तिच्या मागोमाग.

(बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं, तेव्हा तिला विचारलं होतं का मी? आठवत नाही.)

रवि., १५
भाषेचा घोळ. आई 'बस' म्हणते, राणी भुंकायची थांबते. ते हिंदीतलं बस! मैत्री म्हणे, आजी, 'बैठ' बोल ना यार. आई म्हणे, माझ्या घरात मी मराठीच बोलणार. संध्याकाळपर्यंत राणी 'बस'ला थांबायलाही लागली आणि बसायलाही.

मंगळ., १७
सकाळी ऑफिसला गाडी काढली की राणी बाल्कनीत रडते. शेजारच्या भाटिया आंटी सांगत होत्या, गेटपर्यंत ऐकू येतं. दुपारी आईचा फोन, जेवली नाही, तू आल्यावर जेवणार म्हणते. कोण म्हणते, ते विचारलं नाही.

उद्यापासून मेट्रो.

रवि., २२
गुरुवारी राणीला लस द्यायची आहे. दवाखाना लांब.

आज गाडी धुतली. राणी पायऱ्यांवरून बघत होती, आईला टेकून. मुद्दाम दार उघडं ठेवलं. जवळ आली नाही, पण उठून आतही गेली नाही.

मी म्हटलं, डॉक्टरांनाच घरी बोलावू, उगाच कशाला छळ. सुजाता म्हणाली, "नको. गाडीनेच नेऊ, आणि परत आणू. परत आणतात, हे तिला एकदा कळू दे."

मला पटलं. भीतीही वाटतेय.

आईने फक्त एवढंच विचारलं, गुरुवारी किती वाजता निघायचं.