मधलं मैदान

…आणि नेमका त्याच वेळी तुझ्या वहिनीने लॅपटॉपचा चार्जर काढला. इस्त्रीला प्लग हवा होता. पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावर आली होती. तिच्याखाली सूचना होती की काम चालू असताना वीजपुरवठा तोडू नये, डिस्कवरील मजकूर नष्ट होऊ शकतो. (मी ती पुन्हा पुन्हा वाचली होती. जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा सोडत नाही.) आणि आमच्या लॅपटॉपची बॅटरी, तुला ठाऊकच आहे, नुसती शोभेची आहे.

धाकटे, आता रीत पाळतो. अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना टाळतेस ना? मेहुण्यांना नमस्कार सांग आणि त्यांच्या कुंड्यांतल्या गोगलगायी गेल्या की नाही, ते कळव. आम्ही दोघं मजेत आहोत. पत्र हाताने लिहितो आहे, कारण लॅपटॉप तुझ्या वहिनीकडे आहे आणि त्याला हात लावायची मला बंदी आहे. बंदी मीच घालून घेतली आहे.

एका लॅपटॉपवर दोन सिस्टीम घालायची कल्पना तुझी होती, आणि ती चांगली होती. तिचा कपड्यांचे नमुने आखायचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवरच चालतो. मला ती सिस्टीम सोसत नाही. वाक्याच्या मध्यात असताना ती म्हणते, जरा थांबा, मी स्वतःत सुधारणा करते आहे. (स्वतःत सुधारणा करायला माझी हरकत नाही, पण लोक ती एकांतात करतात.) तू फोनवरून सांगत गेलीस, मी करत गेलो, आणि डिस्कचे दोन भाग झाले: डावा तिचा, उजवा माझा. एका भागात तिचे नमुने, दुसऱ्यात माझी मुद्रितं. इतकी वर्षं एका टेबलावर काम केल्यावर प्रथमच आम्हाला आपापली खोली मिळाल्यासारखं वाटलं. ती माझ्या अक्षरांचा आकार बदलेना, मी तिच्या फाइलींना नावं ठेवीना. (म्हणजे नावं देईना. दुसऱ्या अर्थाने अजून ठेवतो.)

बिघडलं ते आमच्या स्वभावामुळे. तू आमच्याकडे राहिली आहेस. आमच्या ताटलीतलं शेवटचं बिस्किट मऊ पडून टाकावं लागतं, कारण ते दोघांनीही एकमेकांसाठी ठेवलेलं असतं. थंडीत पांघरूण दोघांच्या मधोमध पडलेलं असतं आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस कुडकुडत असतो. तर एकदा ती पुटपुटली की लॅपटॉपवर जागा कमी पडते आहे. ती बाजारात गेल्यावर मी माझा भाग थोडा लहान केला आणि तिला काही बोललो नाही. माझी समजूत अशी की भिंत माझ्याकडे सरकली की तिची खोली आपोआप मोठी होते. पुढे माझी सिस्टीम कुरकुरू लागली, तिच्याबरोबर मीही कुरकुरलो. ते तुझ्या वहिनीने ऐकलं. मी फिरायला गेल्यावर तिने तिचा भाग लहान केला, आणि तीही काही बोलली नाही. मग ती पुन्हा पुटपुटली. मग मी पुन्हा माझा भाग आवळला. हे किती वेळा झालं ते आता दोघांनाही नक्की सांगता येत नाही.

आज सकाळी तिचा प्रोग्राम बाही सेव्ह करेना. नाटकमंडळींचे अंगरखे आहेत, मोठं काम, तिने हौसेने घेतलेलं. सगळे नमुने कटिंगवाल्याकडे उद्या सकाळी पोचायला हवे होते. नाही तर तो दुसऱ्याचं कापड मांडणार आणि प्रयोगाला नट बिनबाह्यांचे उभे राहणार. ती म्हणाली, "मी तुम्हाला एवढी जागा दिली, तिचं काय केलंत?" मी म्हणालो, "तू मला कधी दिलीस? मी तुला दिली." मग आम्ही डिस्कचा नकाशा उघडला. डाव्या टोकाला तिची चिंचोळी पट्टी, उजव्या टोकाला माझी, आणि मध्ये करडं, मोकळं, कुणाचंच नसलेलं मैदान. मग ती जी हसायला लागली, ती खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन हसली.

तिने सोपा उपाय सुचवला: जुने फोटो काढून टाकते, बाही मावेल. मी नको म्हणालो. एवढं मैदान असताना फोटो कशाला काढायचे? सगळं मैदान तुला देतो, म्हणालो. ती म्हणाली, सगळं नको, अर्धं तुम्ही घ्या. इथेच फसलो. तिचा भाग नुसता वाढवायचा तर चुटकीसरशी झालं असतं. पण मला अर्धं द्यायचं म्हणजे माझा भाग त्यातल्या सगळ्या सामानासकट डावीकडे सरकवायचा. त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चार्जर काढायचा नसतो.

तर चार्जर निघाला. मी ओरडलो. ती इस्त्री हातात धरून म्हणाली, "अहो, नमुन्यांची नक्कल आहे ना तुमच्याकडे? मग चेहरा कशाला असा करता?" मी म्हणालो, "आहे, आहे," आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली प्लग शोधू लागलो. लावला. पट्टी थांबली नव्हती. शोभेच्या बॅटरीने आयुष्यात एकदा नाव काढलं. दुपारी काम संपलं, तिची सिस्टीम उघडली, सगळे नमुने जागच्या जागी होते. तिने बाही सेव्ह केली. मी इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिलो. इतकं छान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

कळावे. गुडघ्याला शेक दे. मेहुण्यांना पुन्हा नमस्कार.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्याकडे ती बाहेरून जोडायची डिस्क पडून आहे, ती पाठवून दे. पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. वहिनीला बोलू नकोस. तू सांगितलंस म्हणून तिच्या भागाची नक्कल मी पेनड्राइव्हवर घेतली होती. पण हे भाग सरकवायचं काम पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून करावं लागतं, आणि त्यासाठी पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसावा लागतो. आमच्याकडे पेनड्राइव्ह एकच आहे.

वन्सं, नमस्कार. पत्र टेबलावर उघडं होतं, म्हणून वाचलं. नक्कल त्याच पेनड्राइव्हवर होती, हे मला कळलं होतं. तो लॅपटॉपला लावताना यांचं एकदम बोलणंच थांबलं. मी प्रत्येक नमुना आधी खाकी कागदावर काढते आणि मगच लॅपटॉपवर. बाहीसुद्धा. गुंडाळ्या कपाटावर आहेत. कटिंगवाला कागदही घेतो, मी विचारून ठेवलं होतं. पण यांना ती जागा मला द्यायचीच होती, म्हणून बसू दिलं. चार्जर मात्र खरंच इस्त्रीसाठी काढला. डिस्क पाठवू नका, ते तीही पुसतील.

आज सकाळी पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा वरचा मजकूर वाचला. स्टूल घेऊन कपाटावर पाहिलं. गुंडाळ्या आहेत. कटिंगवाल्याचा फोन आला: फाइली उघडल्या, बाह्या कापायला घेतल्या. ती मशीनवर बसली आहे. मी तिला काही बोललो नाही. पत्र टाकायला निघालो आहे. डिस्क पाठव.