सात थरांसाठी मशीन

॥ श्री ॥

वाशी, नवी मुंबई
२१ जुलै १९८१

ती. सौ. अरुणाताईस,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

परवा पुण्याहून चारूचं पत्र आलं. लेक तुझी, पण खुशालीची पत्रं मावशीला जास्त लिहिते, याबद्दल तू रागावू नकोस. तब्येत चांगली आहे, उलट्या थांबल्या, डॉक्टरांनी डिसेंबरचा दुसरा आठवडा सांगितलाय. हे सगळं तुला ठाऊक असेलच. मला ठाऊक नव्हतं ते तिनं शेवटच्या दोन ओळींत लिहिलं. आईनं सुया आणि अंगुस्तान शेजारच्या मुक्ताबाईंना देऊन टाकलं, आता बोटं सुईला धरत नाहीत म्हणते.

ताई, मे महिन्यात मी आठ दिवस तुझ्याकडे होते. ब्लाउजचं हूक तुटलं तेव्हा ते मी तुझ्याच पुढ्यात टाकलं. तू ठेव म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई लावून घेऊन आल्या. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. काल त्या आठवड्याची रोजनिशी काढून वाचली. आंबे आहेत, उकाडा आहे, भाऊजी रमीत पानं लपवतात तेही आहे. तुझ्या बोटांबद्दल एक अक्षर नाही. रोज स्वतःची झडती घेणारी बाई मी, आणि समोरच्या माणसाचे हात मला दिसले नाहीत.

असो. खंत करत बसणार नाही. चारूच्या बाळाला गोधडी तुझीच व्हायला हवी, आणि ती तूच शिवायची आहेस. हातानं जमत नसेल तर मशीनवर. कराडला एक-दोनच दुकानं, तेव्हा मशीन निवडायचं काम मी घेते. मला फक्त एवढं कळव: गोधडीत थर किती असतात, लांबी-रुंदी किती, आणि दोन टाक्यांत अंतर किती ठेवतेस.

नकार कळवू नकोस, तो मी वाचणार नाही. भाऊजींना नमस्कार. लोभ तू कमी करणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून मागत नाही.

तुझी,
सुमेधा

॥ श्री ॥

कराड
१ ऑगस्ट १९८१

चि. सौ. सुमेधास,
अरुणाचे अ. उ. आ.

मी सांगते आहे आणि हे लिहितायत, त्यामुळे अक्षर चांगलं आहे म्हणून मी बरी आहे असं समजू नकोस. (कंसातला मजकूर माझा समजावा. रमीत मी पानं लपवत नाही. दिनानाथ.)

बोटांचं काय, संधिवात आहे. सकाळी मूठ वळत नाही, दुपारी वळली तर उघडत नाही. कणीक मुक्ताबाईंची सून मळून देते. भाकरी थापायची तर बंदच झाली, यांना पोळ्या खाव्या लागतात. (लागतात हा शब्द बरोबर आहे.) हुकाचं मनाला लावून घेऊ नकोस. तू पाहिलं नाहीस, कारण मी हात पदराखाली ठेवले होते. लपवणाऱ्याची हुशारी काही आहे की नाही?

मशीनचं मात्र डोक्यातून काढ. मशीनची गोधडी म्हणजे इस्पितळातली चादर. सगळे टाके एकाच मापाचे, त्यात शिवणारी कोण होती ते कळत नाही. आईची गोधडी डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखू येते, वत्सलामावशीची वेगळी. चारूच्या बाळाला मुक्ताबाई शिवतील. त्यांचा टाका जरा ढोबळ आहे, पण बाळ काही बोलणार नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. थर सात. वर-खाली एकेक लुगडं, मध्ये पाच जुनी धोतरं नाहीतर पातळं, धुऊन धुऊन मऊ झालेली. मोठ्या माणसाची साडेचार हात लांब, बाळाची दोन हात. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर अंतर. (बोटभर म्हणजे कोणतं बोट, आडवं की उभं, हे ती मला पाऊण तास समजावत होती. मशीन नको असलेली बाई एवढं बोलत नाही, हे माझं मत. ती काय लिहिलं विचारते आहे, मी हवापाणी असं सांगितलं.)

नंदकिशोररावांना आशीर्वाद. वाशीच्या खाऱ्या वाऱ्यात केस सांभाळ. आमची आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

वाशी
२३ ऑगस्ट १९८१

ती. सौ. अरुणाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हवापाणी पोचलं. भाऊजींना विशेष नमस्कार.

शाळेत शिकवून झाल्यावर आणि रविवारी मिळून सहा दुकानं पाहिली. दोन वाशीत, एक पनवेलला, तीन ठाण्याला. एका वहीत एकवीस रकाने आखलेत. नंदकिशोर म्हणतात की मला कांदेपोह्यांच्या वीस मिनिटांत पसंत केलंस आणि मशीनला महिना लागतो. मी म्हटलं, तेव्हा वही नव्हती.

पनवेलच्या दुकानदारानं मला एक नागमोडी टाक्याचं मशीन दाखवलं आणि दोन मिनिटांत रुमालावर बदक काढून दिलं. बदक सुरेख होतं. पण तुला बदकं काढायची नाहीत. मोटरचं मशीनही बाद केलं. कराडला वीज जाते, आणि मोटर पळते फार, तुझा हात बिचकेल. हाताच्या चाकाच्या मशीनचा तर प्रश्नच नाही. म्हणजे पायानं चालवायचं.

मग लक्षात आलं की सगळे दुकानदार मशीन दाखवतात ते दुहेरी पॉपलीनवर. त्यावर सगळीच मशीनं गोड चालतात. म्हणून दुसऱ्या खेपेला मी पिशवीतून तू लग्नात दिलेली गोधडीच घेऊन गेले. दोन ठिकाणी कापड दाबणारा मशीनचा पाय तेवढा उचललाच जात नव्हता, गोधडी आत शिरेचना. एका ठिकाणी सुई मोडली. ठाण्याचे श्यामसुंदर शेठ मात्र चिडले नाहीत. गोधडी हातात घेऊन त्यांनी तुझे टाके पाहिले आणि म्हणाले की बाई, हिला भोकं पाडायला आणलीत? मला एकदम वाईट वाटलं. पण कोपऱ्यात चार बोटं लांबीचं शिवून घेतलंच. त्यांनी दाबाचा स्क्रू सैल केला, अठरा नंबरची सुई लावली, टाका मोठा केला, आणि सातही थरांतून शिवण सरळ गेली. काळं, घरगुती, पायाचं मशीन, लाकडी टेबलासकट. तेच घेतलं. पसंत पडलं नाही तर दसऱ्यापर्यंत बदलून देतो म्हणालेत.

आमच्याकडे मासळी घेऊन येते ती तळवलीची सुमित्राबाई. तिनं टेम्पोतून मशीन उतरताना पाहिलं. कुणासाठी विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली, वहीसुद्धा दाखवली. तिला अक्षरं येत नाहीत, पण रकाने मोजून हसली. मग टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली की एवढं लिवलंस ते बरा केलास, पन जी शिवनार हाय तिला मशीनवर बसवून बगितलंस का?

खरं सांगते, ताई, तो प्रश्न मला टोचला. मी तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. हे कारण पुरेसं आहे का, हे मी रोजनिशीत तीन वेळा लिहून खोडलं. तरी मशीन मी घेतलं आहे. आधी मी स्वतः त्यावर एक अख्खी गोधडी शिवते, खात्री करते, मग कराडला पाठवते.

भाऊजींनी उत्तरात कंस जरूर घालावेत. तुझ्या रागासकट तुझी वाट पाहणारी,

सुमेधा

॥ श्री ॥

वाशी
१६ सप्टेंबर १९८१

ती. सौ. अरुणाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू रागावलीस. रागाला कारण आहे, पण आज त्यापेक्षा वाईट बातमी आहे.

गणपती गेल्यावर मी गोधडी लावायला घेतली. माझीच जुनी सात पातळं, सगळी सुती. हॉलमध्ये सतरंजी बाजूला करून थर पसरले, तू शिकवलंस तसं चारी कडा आधी दुमडून घेतल्या आणि कडेनं शिवायला लागले. कडेची ओळ झाली, तिच्या आत बोटभर सोडून दुसरी, मग तिसरी. लहानपणी तुझ्याशेजारी बसून पाहिलेलं एकेक आठवत होतं, मला फार बरं वाटत होतं. चौथ्या फेऱ्यापासून कापड जमेनासं झालं. वरचं पातळ जास्त, खालचं कमी. सहाव्या फेऱ्याला मधोमध एवढा फुगा आला की पातेलं पालथं घालून वर गोधडी पांघरावी. उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा फुगा. तीन वेळा झालं. शिवाय गुंडाळी करून गोधडी मशीनच्या पोटाखालून सरकवायची, तर ती तिथे अडते. सुईपासून खांबापर्यंत वीतभर जागा नाही. माझ्या एकवीस रकान्यांत ती जागा मोजायचा रकाना नव्हता.

नंदकिशोर म्हणाले की मध्यभागी उशी घाल आणि गादी म्हणून वापर. मी हसले नाही.

मी ठरवलंय. २६ तारखेला शनिवारी ठाण्याला जाऊन मशीन परत करते आणि दुसरं घेते. तेही फुगवायला लागलं तर तिसरं. डिसेंबरला अजून वेळ आहे. पण ताई, एक विचारते आणि खरं उत्तर दे. मी हे तुझ्यासाठी करते आहे, की मे महिन्यात तुझे हात पाहिले नाहीत ते पुसून टाकण्यासाठी? दुसरं असेल तर मला सांग. मी थांबेन.

लोभ असेल तर चार ओळी लिही,

सुमेधा

॥ श्री ॥

कराड
२२ सप्टेंबर १९८१

चि. सुमेधास,
अ. उ. आ.

हे माझं अक्षर आहे. वाकडं आहे, लागेल तितका वेळ घेऊन वाच. मी तीन दिवस थोडं थोडं लिहिते आहे. हे कंस घालायला पेन मागतायत, दिलेलं नाही.

मशीन परत नेलंस का? नेलं नसेल तर माझं पत्र संपेपर्यंत थांब.

फुगा मशीननं आणला नाही, तो मी आणला. मी तुला कडेपासून आत यायला शिकवलं, आणि तू इमानानं तसंच केलंस. मी कडेपासून आत येते कारण मी गोधडीवर बसते. माझ्या वजनानं थर जागचे हलत नाहीत, आणि जरा सुरकुती आली तर पुढच्या दहा टाक्यांत ती वाटून टाकते. मशीनवर कोण बसणार आहे, सुमे? त्याचे दात खालचं कापड ओढतात, वरचा पाय वरचं लोटतो. तू चारी बाजूंनी लोटत आत आलीस, मग ते पातळ जाणार कुठे?

हे मला घरी बसून कळलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि मी पायात चपला घालून दत्तू शिंप्याच्या दुकानात गेले. तो लेंगे शिवत होता. त्याला उठवलं. म्हटलं, ऊठ, मला तुझ्या मशीनवर गोधडी शिवायची आहे. तो म्हणाला की काकू, हात दुखतील. मी म्हटलं की दुखतात ते माझे. घरून चार लुगड्यांचे तुकडे नेले होते. आधी मोठमोठे कच्चे टाके मुक्ताबाईंकडून घालून घेतले, सगळे थर जखडून टाकले. मग मधली ओळ मारली. मग तिच्या उजवीकडे एक, डावीकडे एक, मधून बाहेर. सुरकुती कडेला पळते आणि कडा शेवटी दुमडायच्या. एकही फुगा नाही. हात पसरून कापडावर ठेवायचा असतो फक्त, मूठ वळावी लागत नाही. दुपारभर शिवलं, गं. दत्तूचे लेंगे राहिले.

टाके मशीनचेच. पण ओळी मी मारल्या. जरा डाव्या अंगाला कलतात, हातानं शिवायची तेव्हाही कलायच्या. मी हात फिरवून पाहिला.

आता तुझ्या मशीनचं. ते परत कर. फुग्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुझ्याकडच्या मशीनचा पाय वर करायला मागची दांडी उजव्या हातानं उचलावी लागते ना? एका गोधडीला साठ ओळी. प्रत्येक ओळीला दोनदा. माझ्या अंगठ्यानं दहाव्या ओळीला राम म्हटला असता. दत्तूच्या मशीनला टेबलाखाली लोखंडी पट्टी आहे, ती गुडघ्यानं ढकलली की पाय आपोआप वर होतो. टेलर लोकांचं मॉडेल, पोटाखाली जागाही चांगली हातभर. गुडघे माझे शाबूत आहेत. तू एकवीस रकाने मशीनचे आखलेस. मला विचारलं असतंस तर बाविसावा मी सांगितला असता, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं.

तू कुणासाठी करतेस ते शोधत बसू नकोस. दोघींसाठी केलंस तर कुठे बिघडलं? आणि थांबेन काय म्हणतेस? थांबायचं ते मी ठरवीन.

पहिल्या तारखेला गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघते. तिकीट काढलंय. वाशीच्या नाक्यावर उतरवून घे. सोबत बाळाच्या गोधडीचे सात थर आणते आहे, कच्चे टाके घातलेले. शुक्रवारी ठाण्याला जाऊ. श्यामसुंदर शेठना सांगून ठेव की टेलर मॉडेल पुसून ठेवा, तेल घाला, आणि बसायला स्टूल जरा बुटकं द्या. मशीन मी दुकानातच चालवून बघणार आहे. मधल्या ओळीपासून सुरू करणार, तेव्हा त्यांना म्हणावं, घाईचं गिऱ्हाईक नाही.

चार दिवस राहीन. तेवढ्यात लोभ काय वाढायचा तो वाढेल.

तुझी,
ताई