वरचे शंभर

बेंगळुरू, हॉकी कॅम्प
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय इरा,

कशी आहेस? अलकाकाकू आणि काका बरे आहेत ना? मी मजेत आहे. इथं आल्या दिवशीच सगळ्यांचे फोन काढून घेतले, रविवारी एक तास देतात, म्हणून हे कागदावर. मराठीत पत्र लिहायची माझी पहिलीच खेप. शाळेत हिंदी होती म्हणून अक्षरं येतात, भाषा घरची आहे. तुला हसू येईल. हस बापडी.

जेवण बरं आहे. सकाळी इडली नाहीतर उप्पीट, वर दोन अंडी. खोलीत आम्ही चौघी, त्यातल्या तिघी कोडगूच्या, झोपेतसुद्धा बॉल मागतात. मला नवीन किट मिळालं, छातीचं गार्डसुद्धा. पहिल्या दिवशी ते घालून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःच्याच छातीवर बुक्क्या मारून बघितल्या. अय्यो, काही म्हणजे काही लागत नाही गं!

हे तुलाच का सांगते, ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर सांगते.

म्हैसूरला नरसिंगराव सरांचा सराव चार ते सहा. सहा वाजले की बाकीच्या पोरी बस पकडायला पळायच्या आणि तू स्टिक खांद्यावर टाकून म्हणायचीस, "सुमा, वरचे शंभर." पेनल्टी कॉर्नरची ड्रॅग फ्लिक रिकाम्या गोलात कोणीही मारतं, समोर गोलकीपर पाहिजे, हे तुझंच म्हणणं. क्लबचं किट सर सहाला कुलपात ठेवायचे. माझं स्वतःचं म्हणजे हेल्मेट, ग्लव्ह आणि एका सीनियरचे जुने पायाचे पॅड. छातीला काही नाही. "मी हळू मारते गं," म्हणायचीस. पहिले दहा मारायचीस हळू. मग तुझ्या अंगात यायचं. आठ महिने, रविवार सोडून रोज शंभर. तुला न्यायला काका हेब्बाळहून गाडी घेऊन यायचे. मी हूटगळ्ळीची बस धरायची, बसमध्ये दांडीला हात वर करता यायचा नाही इतकं गळ्याखालचं हाड ठणकायचं. अप्पा कडकोळच्या कारखान्यातली शिफ्ट करून आले की ते काळंनिळं बघून विचारायचे, "ती पोरगी तुझी मैत्रीण का कोण?" मी म्हणायचे, मैत्रीण.

एकदा सराव संपल्यावर तू पुण्याच्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉल लावलास. माझ्याकडे फोन फिरवून म्हणालीस, "ही सुमा. माझी जाळी. हिचं मराठी ऐक, मज्जा येते." मी वेडी, बोलले. जेवलीस का विचारायचं होतं, मी "ऊट झालं का" म्हणाले. आमच्या घरी तसंच म्हणतात. दोघी पोट धरून हसलात. मीसुद्धा हसले, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

आता निवडीच्या दिवसाचं. तू लाल संघात, मी निळ्यात. पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा तू बूट बांधायच्या निमित्ताने माझ्याजवळ आलीस. "एक सोड ना गं सुमा. एकच. तू तर गोलकीपर, तुझं काय जातंय?" मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली, तुला खोटं वाटलं नसणार. तुला पाच कॉर्नर मिळाले आणि मी पाचही अडवले. त्या पाचांवर मी इथं आहे, आणि तू राखीवमध्येसुद्धा नाहीस. तू रडत सरांना म्हणालीस, "मी कमी पडले सर, अजून मेहनत करीन." मी शेजारीच पॅड सोडत बसले होते. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले.

इरा, तू कमी पडली नाहीस. तुझ्या फ्लिकमध्ये जोर आहे तेवढा इथं कोणाच्या नाही. फ्लिक मारायच्या आधी तू डावा पाय टाकतेस ना, त्याचं बोट ज्या खांबाकडे वळतं त्याच खांबाकडे चेंडू जातो. दर वेळी. हे मला तिसऱ्याच आठवड्यात दिसलं. त्यानंतर तुझे जे गोल झाले ते मी होऊ दिले म्हणून झाले. तू उड्या मारायचीस, मी टाळ्या वाजवायचे. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी दोन महिन्यांत पाय सरळ करून दिला असता. मी मुद्दाम नाही सांगितलं. चांगलं वाटायचं मला. मार खात होते, पण तुझ्याबद्दल तुला नाही ते मला माहीत होतं.

परवाच्या रविवारी अलकाकाकूंना फोन केला होता. म्हणाल्या, "पोरीने जेवण सोडलंय, रोज दोनशे मारते, एकटी." दोनशे! म्हणजे रोज दोनशे वेळा तो पाय तसाच पडतो. आता तो तुझ्या अंगात बसला, इरा. जितकी जास्त मेहनत करशील तितका घट्ट बसेल.

इथल्या एका फ्लिकरची मांडी दुखावली, तिच्या एका जागेसाठी या रविवारी म्हैसूरला परत निवड आहे, ते तुला सरांनी सांगितलंच असेल. तुला वयाच्या हिशोबाने ही शेवटची. कॅम्पातून गोलकीपर पाठवतात, ते बहुतेक सांगितलं नसेल. मला पाठवतायत.

सर इथं आलेत, उद्या परत निघतील, त्यांच्या हाती हे पत्र देते. उद्या संध्याकाळी तुला मिळेल. ते सोमवारीही येऊन गेले. तेव्हाही पत्र लिहून तयार होतं, उशीखाली होतं. सोमवारी दिलं असतं तर तुला सहा दिवस मिळाले असते. तारीख आणि हा शेवट तेवढा बदलून आज देते. मग दिलंच कशाला, म्हणशील. न सांगता तुला हरवायचं तर मी एकदा केलं. या वेळी तुला माहीत असायला पाहिजे.

शनिवारी पाय बघत बघत फ्लिक मारून बघ, चेंडू कुठे जातो ते. आणि रविवारी न बघता मारलीस तर तो पाय मी बघेनच.

तुझ्यावर आठ महिने रागावलेली,
सुमा