कानबाईच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह

३१ जुलै, गुरु.
गेटवर आज लई गर्दी. नाव विचार, फोटो काढ, पास छाप. परी टेबलाखाली झोपली, छपाईच्या आवाजानेही उठत नाही आता. पाटील साहेब आले, तिच्याकडे बघितलं, आत निघून गेले. नरडाण्यात एवढ्या कंपन्या, पण तीन वर्षांच्या पोरीला सोबत बसू देणारी हीच एक. हे कामाला सुरतला, आईचे गुडघे गेलेले. परीला ठेवू कुठे?
रविवारी घरी कानबाई बसणार, रात्रभर देवीची गाणी. वहिनीने गाण्यांचा पेनड्राइव्ह दिला. स्पीकरवर नुसतं घुंई घुंई. म्हणे, तुझ्या कॉम्प्युटरवर बघ, भरेल आहे का रिकामा.

१ ऑगस्ट, शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत पे.ड्रा. लावला. स्क्रीन काळी झाली, परत आली. गाणी दिसली नाहीत. काढून घेतला. नंतर पास नीट छापले.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाई उठवली, नदीवर नेऊन शिरवली. सुट्टी घेतली होती. नाचून पाय दुखताहेत. गाणी शेवटी बायांनी तोंडानेच म्हटली, तेच बरं.
संध्याकाळी दगा नानांचा फोन, गेटवरचे वॉचमन. "पोरी, तुना कॉम्प्युटरनी वायर काढी टाकी. पुण्याच्या हेड ऑफिसातून सांगितलं म्हणे." काबरं, ते त्यांनाही माहीत नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.
साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. सगळ्या जगातल्या असल्या कॉम्प्युटरात खोट सापडली, यूएसबीची. नुसती वस्तू लावली तरी कोणी आत शिरू शकतं. दुरुस्ती आलेली, बाकीच्यांना टाकली, गेटचा राहून गेला. आणि पुण्याला दिसलं की गेटच्या कॉम्प्युटरातून काहीतरी बाहेर जातंय. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे फोटो, फोन नंबर.
"कोणी काही लावलं होतं का?"
मी हात वर केला.
"काय लावलं?"
"कानबाईची गाणी."
सगळे हसले. साहेब नाही हसले. परीला उचललं आणि गेटवर परत आले.

६ ऑगस्ट, बुध.
धुळ्याहून कॉम्प्युटरवाला आला. पोरगाच आहे, पण ताई ताई करतो. म्हटलं, भाऊ, मी त्यातलं काही उघडलंच नाही.
"उघडावं लागत नाही ताई. लावलं की कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? ते ओळखायला आत एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात. खोट त्याच्यात आहे. समोरच्याने वाकडंतिकडं सांगितलं तर ह्याचंच डोकं फिरतं, मग दार सताड उघडं."
मी पण तेच करते ना. नाव विचारते, जे सांगेल ते लिहिते, सोडते. खरं-खोटं कुठे बघते मी.
म्हटलं, पण तो तर वहिनीचा आहे, तो कशाला खोटं सांगेल?
"वहिनीच्या आधी कोणाचा होता?"
माउसची वायर पण तिथेच लागते. मग माउस चालतो कसा? विचारायचं राहिलं. आता माउस धरायला पण...

७ ऑगस्ट, गुरु.
त्याला पे.ड्रा. पाहिजे तपासायला. वहिनी म्हणे तिच्या आत्याकडून, फुईकडून आणला, शिंदखेड्याहून. फुई म्हणे भजनातल्या बाईने दिला. ती म्हणे मोबाइलच्या दुकानात गाणी भरली, पे.ड्रा. कोणाचा ते आठवत नाही. आणि आता आहे कुठे? वहिनीची बहीण धरणगावला घेऊन गेली. तिचा फोन बंद.
आई चिडली. "कानबाईना पेनड्राइव्ह, बठ्ठा गावमा फिरेल शे. कोनले कोनले इचारशी तू?"
यांना फोन केला. "तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण?" एवढंच. मग कापला.

९ ऑगस्ट, शनि.
कॉम्प्युटर धुळ्याला नेला. मी हाताने पास लिहिते. अक्षर वाकडं येतं, गाडीवाले खेकसतात. दगा नाना म्हणे, "कानबाई नदीवर गयीच नही, तुना कॉम्प्युटरमाच बठनी." हसू आलं, मग एकदम रडू. नाना घाबरले, परीला बिस्कीट आणून दिलं. परी रडतच नव्हती.

१२ ऑगस्ट, मंगळ.
कॉम्प्युटरवाल्याचा फोन. आत काही सापडलं नाही.
म्हटलं, म्हणजे मी काही केलं नाही ना?
"तसं नाही ताई. शिरून पुसून गेलं असेल तरी सापडत नाही. पेनड्राइव्ह मिळाला असता तर..."
मग बाहेर जात होतं ते काय होतं? तर तो म्हणे, ती दुसरीच काही भानगड असेल, तुम्ही लावायच्या आधीची पण. नक्की नाही सांगता येत. म्हणजे कोणालाच माहीत नाही. मला वाटत होतं, एवढं शिकलेल्यांना तरी माहीत असेल.
साहेबांना विचारलं, माझं काय? ते म्हणे, "पुण्याचे लोक उद्या येताहेत, तेच ठरवतील. तू खरं सांगितलंस ते मी सांगेन." मग म्हणे, "मुलीचं पण विचारतील. गेटवर मूल कसं, म्हणून."
हे तर मनातच आलं नव्हतं.
आता परीला नेली तर म्हणतील रडारड करायला आणली. नाही नेली तर म्हणतील, बघा, ठेवायला जागा आहे की हिला. आणि उद्या घरी राहिली तर रोजचीच घरी राहील.
आई चुलीपाशी. "सकाळे डबा एक भरू का दोन?"
म्हटलं, सकाळी सांगते.